मेल्यानंतरच्या अटी

“आनि कावळा शिवला न्हाई तर?” गिरजामायने विचारले.

“शिवणार,” नारायणतात्या म्हणाले. “न शिवून जाईल कुठं?”

“का? त्याला सांगून ठिवलंयस?”

“त्याला कशाला सांगू? लिहून ठेवलंय, माय. माझी एकही इच्छा मागं राहणार नाही. मग कावळा अडेल कशावर?”

गिरजामाय मठाच्या ओसरीवर चिंच फोडत बसली होती. हातातला आकडा तिने सोलला, चिंचोके सुपात टाकले, गर पाटीत टाकला. मग पुढचा आकडा उचलला.

दहाव्याच्या दिवशी घाटावर जे चालते ते तात्यांना मुळीच पसंत नव्हते. पिंडाला कावळा शिवेना की सगळे नातेवाईक हात जोडून उभे. एक म्हणतो, धाकटीचे लग्न करून देतो. दुसरा म्हणतो, म्हातारीला सांभाळतो. मेलेल्याच्या मनात काय होते याचे नुसते अंदाज! आणि तात्या अंदाजाने काम चालवणारे नव्हते. तासगावच्या माळावर त्यांनी स्वतःच्या कमाईने द्राक्षबाग उभी केली होती, ती काही अंदाजाने नाही.

म्हणून त्यांनी मृत्युपत्र केले होते. वकिलाकडे खेपा घालून, शब्द न् शब्द तपासून केले होते. परवा रजिस्टर ऑफिसात नोंदवायचे. त्याआधी गुरूच्या पायाशी ठेवावे, म्हणून आज ते मठात आले होते. लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात ना, तसे.

कागद त्यांनी गिरजामायच्या पायाशी ठेवला. वर एक नारळ ठेवला.

माय नारळाकडे बघून म्हणाली, “नारळ बरा हाय.”

“आणि कागद?”

“कागद मी वाचला कुठं?”

तात्या जरा वरमले. पण जराच. ते गिरजामायचे जुने शिष्य. गळ्यात तिच्याच हातची माळ. मठाची ओसरी फरशी घालून दिली होती ती त्यांनीच, आणि ते फरशीवर बसताना त्यांना आठवायचेही. आपण इतर शिष्यांसारखे भोळे नाही, व्यवहार सांभाळून परमार्थ करणारे आहोत, असे त्यांचे स्वतःविषयी मत होते. मत वाईट नव्हते. फक्त ते जरा जास्तच वेळा बोलून दाखवीत.

“माय,” ते म्हणाले, “तुम्ही म्हणाल, साधकाला कशाला हवं हे मृत्युपत्र? माळ घातली, मग मालमत्तेत जीव कशाला? पण माणसानं मागची सोय…”

“मी कुठं म्हनलं?”

“नाही, म्हणजे तुम्हा संन्याशांना हे…”

“मी केलंय की माझं.”

“काय?”

“मृत्युपत्र. हापिसात जाऊन आंगठा दिऊन आले. साक्षीदार बी नेलं हुतं.”

गुरू मृत्युपत्राच्या विरुद्ध असणार, असे धरून वाटेत तात्यांनी एक उत्तर जुळवून आणले होते. चांगले उत्तर होते. ते वाया गेले.

“तुम्हाला कशाला लागतं मृत्युपत्र?”

“मठाची जागा हाय. हीर हाय. दोन गाया हाईत. माझ्यामागं दोन पुजारी कोर्टात उभं ऱ्हायाला नगंत.”

“कुणाला काय लिहिलंत?”

“ज्याला जे द्याचं ते लिवलं. आर्ध्या पानात झालं.”

“आणि अटी?”

“अटी कसल्या?”

“म्हणजे… गाई विकू नयेत, विहीर बुजवू नये, पूजा चुकवू नये. अटी नकोत?”

माय हसली. तिचे वरचे दात गेलेले होते, त्यामुळे ती हसली की लहान मुलासारखी दिसायची.

“अटी बघाय मी आसनार हाय व्हय रं तवा?”

तात्या मनातल्या मनात म्हणाले, इथेच म्हातारी चुकली. अर्ध्या पानाचे मृत्युपत्र म्हणजे उघडी विहीर. कुणीही यावे आणि पडावे. त्यांचे स्वतःचे चांगले जाडजूड झाले होते.

अंगणापलीकडे मोठी चिंच होती. तिच्या सावलीत गाडी उभी होती आणि तात्यांची दोन मुले शिदोरी सोडून बसली होती. थोरली वैजयंता, कवठ्याला दिलेली, मुद्दाम भावासोबत आली होती. धाकटा हणमंत, बाग तोच बघायचा. वैजयंताने काहीतरी म्हटले आणि हणमंत एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. तिने त्याच्या पाठीत थाप मारली, पाणी दिले, आणि मग त्याच्यापुढची चटणी स्वतःच्या भाकरीवर ओढून घेतली.

“बघा,” तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “दोघांची लेकरं मोठी झाली, तरी अजून अशी हसतात. बायको गेल्यापासून हेच माझं सुख. माझ्यामागंही त्यांनी असंच हसावं, माय. बाकी मला काही नको. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.”

“व्हय,” माय म्हणाली.

“आमचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.”

मायने मान डोलावली.

सगळ्या पंचक्रोशीलाच ते ठाऊक होते. तात्यांचे वडील गेले तेव्हा जमीन नीट वाटली गेली. भांडीकुंडी, गुरे, घर, सगळे वाटले गेले. शेवटी राहिली गावची सासनकाठी. चैत्रात जोतिबाला निघणाऱ्या त्या उंच काठीला पहिला हात लावण्याचा मान जमदाड्यांच्या घराचा. तो मान थोरल्या दौलतीचा की धाकट्या नारायणाचा, हे बापाने सांगितलेच नव्हते. दोघेही भाऊ फेटा बांधून आले. दोघांनीही हात घातला. काठी आडवी झाली, लोक ओरडले, आणि दौलती म्हणाला, “मग मी येतच न्हाई.” तेव्हापासून दोघांची घरे समोरासमोर आणि दारे बंद. एक अंगण झाडायला आला की दुसरा आत जातो.

“बापानं एक शब्द,” तात्या म्हणाले, “एक शब्द लिहून ठेवला असता, तर मला भाऊ राहिला असता. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मी सगळं लिहिलंय. असं बांधलंय की पोरांनी भांडायचं म्हटलं तरी भांडता येणार नाही.”

“बांधलंय?”

“पक्कं. वकीलसुद्धा म्हणाला, तात्या, तुम्ही वकील व्हायला हवं होतं.”

“आनि पोरांनी बघितलंय?”

“छे! माझ्यामागं उघडायचं ते. आधी सांगितलं तर मजा काय?”

मायने हातातली चिंच खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले. कागदावरचा नारळ उचलून बाजूला केला.

“चल तर मग. वाचू.”

“आत्ता?”

“माझा आशिर्वाद पायजे न्हवं? न वाचता कशाला दिऊ? पोरास्नी हाक मार.”

“माय, पण तो मी मेल्यावर वाचायचा कागद आहे.”

“खरं हाय,” माय म्हणाली. “त्ये मी इसरलेच.”

ती उठली. समाधीजवळच्या वृंदावनापाशी गेली, तुळशीला हात जोडले आणि एक पान खुडले. परत येऊन तात्यांच्या समोर उभी राहिली.

“आ कर.”

तात्या बघतच राहिले. तुळशीचे पान जिभेवर कधी ठेवतात हे कुणाला सांगावे लागत नाही. बायकोच्या जिभेवर त्यांनीच ठेवले होते.

“माय… असलं कशाला…”

“गुरू म्हंतोस न्हवं? आ कर.”

त्यांनी तोंड उघडले. मायने पान जिभेवर ठेवले आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर ढकलून तोंड मिटले.

“आता गेलास तू. खांबाला टेकून बस. मेल्याला ऐकू येत न्हाई, तुला यील, तेवढी सवलत. पर बोलायचं न्हाई. खाणाखुणा न्हाईत, खाकरायचं न्हाई. जवर पान हाय तवर तू न्हाईस.”

तात्या खांबाला टेकले. अंगावर काटा आला होता, पण आत कुठेतरी गंमतही वाटत होती. आपल्यामागे आपली तारीफ ऐकायला कितीजणांना मिळते?

मायने पोरांना हाक मारली. दोघे हात धुऊन आली. बापाला गप्प बसलेला बघून वैजयंता म्हणाली, “तात्या, बरं वाटत न्हाई का?”

“त्यो गेलाय,” माय म्हणाली.

“कुठं?”

“वर. जिभंवर पान ठिवलंय मी. त्याचं मृत्युपत्र वाचायचं हाय, म्हनून. तू वाच गं वैजे. तुला चष्मा लागत न्हाई अजून.”

वैजयंताने तोंडावर हात ठेवला. “माय! असलं अभद्र चेष्टेत सुदीक करू नगासा.”

“अभद्र काय त्यात? आज ना उद्या वाचायचंच हाय. आज ह्यो समोर तरी हाय.”

हणमंतला आधी हसू आले. मग बापाच्या डोळ्यांकडे बघून ते गेले. तो पायरीवर बसला. वैजयंता त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून, आणि तिने कागद उघडला.

“मी, नारायण यशवंत जमदाडे, धंदा शेती, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता…”

ती शाळेत धडा वाचावा तशी वाचत होती. घराचे आले. घर दोघांचे, माहेरपणाला येणाऱ्या लेकीची खोली कायम तिची. वैजयंताचा आवाज तिथे थोडा ओला झाला. बाग आली. बाग चिरंजीव हणमंत याची. मग रस्त्यावरचे बेदाण्याचे शेड आले. ते कन्या वैजयंता हिचे.

“शेड? मला?” ती वाचायची थांबली.

“झ्याक केलं तात्यांनी,” हणमंत लगेच म्हणाला. मनापासून म्हणाला. “रोडवरचं हाय आक्का ते. तुला पायजेच हुतं कायतरी. मीच म्हननार हुतो तात्यास्नी.”

खांबाला टेकलेल्या तात्यांची छाती भरून आली. त्यांनी मायकडे बघितले. बघा, असे त्यांचे डोळे म्हणत होते. माय चिंच फोडत होती.

“पुढं हाय अजून,” वैजयंता म्हणाली. “अटी.” आणि वाचू लागली.

“चिरंजीव हणमंत याने सदर द्राक्षबाग काढता कामा नये. त्याने बाग काढल्यास अगर मोडल्यास, बागेखालील जमीन कन्या वैजयंता हिच्या मालकीची होईल. तसेच कन्या वैजयंता हिने सदर शेड भाड्याने अगर विक्रीने दिल्यास, अगर जावयाच्या धंद्याकरिता तारण ठेवल्यास, शेड चिरंजीव हणमंत याच्या मालकीचे होईल. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे व गुण्यागोविंदाने नांदावे.”

हेच ते कलम. यावर तात्या सगळ्यांत जास्त खूश होते. बाहेरचा राखणदार कशाला? भावावर बहीण, बहिणीवर भाऊ. दोघांनाही धाक, म्हणजे दोघेही सरळ. वकिलाने याच कलमावर मान डोलावली होती.

वैजयंताने कागद गुडघ्यावर ठेवला.



“हणम्या,” ती म्हणाली, “तू ह्या सालानंतर बाग काढनार म्हनत हुतास न्हवं?”

तिने सहज विचारले. काळजीनेच विचारले. तात्यांना तिचा आवाज ओळखता येत होता. भाऊ अडचणीत येईल म्हणून तो आवाज होता.

हणमंतने तिच्याकडे बघितले. “मी कवा म्हनालो?”

“मगाशी चिंचंखाली की. जुनी थॉमसनची बाग आता पिकत न्हाई, उपटून नवी लावतो म्हनालास.”

“चिंचंखाली बोललो ते सहज. लगीच ध्यानात ठिवलंस?”

“आता झालंय का त्याला धा मिनटं? इसरायला काय…” ती थांबली. “म्हंजी काय? ध्यानात ठिवलं म्हंजी काय?”

“काय न्हाई.”

“मला काय तुझी जमीन पायजे हाय का?”

“मी म्हनालो का तसं?”

“मग कसं म्हनालास?”

हणमंत पायरीवरून उठला. तिच्या खांद्याला लागलेला त्याचा खांदा सुटला. तात्यांना ते दिसले.

“मग मी बी इचारू का, आक्का? भावजी दुकान काढनार हाईत कवठ्यात, त्याला तारन काय ठिवनार हाईत?”

“त्ये तुला कशाला?”

“कागदात हाय म्हनून इचारतोय. लक्ष ठेवावं, आसं लिवलंय.”

तात्यांनी हात हलवला. नाही, नाही, असा. माय त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “मेलेली माणसं हात हालवत न्हाईत.”

हात खाली आला.

वैजयंताचा चेहरा लाल झाला होता. “पंध्रा वर्सं झाली मला दिऊन. एकदा तरी तुमच्या दारात काय मागाय आलेत का त्ये? दुकान काढत्याल न्हाईतर न काढत्याल. तू कोन आमच्या घरात डोकवनार?”

“मी न्हाई डोकवत. मला डोकवाय लावलंय.”

“आनि मला? मला तुझ्या बागंची राखन कराय लावलीया. मला काय कळतं रं बागंतलं? मी आपली चार घड खायाला येते.”

“आता तू घड खायाला आलीस,” हणमंत हळू म्हणाला, “तरी माज्या पोटात गोळा यील, आक्का. वेल बघाय आली का काय म्हनून.”

हे तो रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते. तो खरे तेच बोलला.

वैजयंता उभी राहिली. कागद तिने पायरीवर ठेवला, वारा होता म्हणून वर नारळ ठेवला, आणि पदर खोचला.

“मग मी येतच न्हाई,” ती म्हणाली.

तात्या खांबापासून सरळ झाले. हेच शब्द. चैत्राच्या उन्हात, आडव्या पडलेल्या काठीपलीकडून, आपल्या भावाच्या तोंडून ऐकलेले. ते बापाच्या न लिहिण्याने झाले, असे ते इतकी वर्षे सांगत आले होते. आणि हे? हे तर त्यांनीच लिहिले होते, शुद्धीवर असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

त्यांना ओरडायचे होते. तोंडात पान होते. त्यांनी मायकडे बघितले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे की नाही हेही त्यांना कळत नव्हते, कारण मेलेली माणसे डोळे पुसत नाहीत.

“पान हाय का अजून?” मायने विचारले.

तात्यांनी पान चावले. गिळले.

“पुरे!” ते म्हणाले. आवाज घोगरा निघाला. “पुरे रे पोरांनो. बस. बस खाली, वैजू.”

दोघेही त्यांच्याकडे बघू लागली. वैजयंताच्या चेहऱ्यावर आधी भीतीच होती, खरोखरच मेलेला माणूस बोलल्यासारखी.

“बागेचं तसं नव्हतं रे,” तात्या हणमंतला म्हणाले. “माळ घेतला तेव्हा पाणी नव्हतं तिथं. तुझी आई कावडीनं पाणी आणायची. वरच्या अंगाची ओळ आहे ना, ती तिनं जगवली. एकेक वेल. तू तेव्हा पाळण्यात. बाग उपटलीस तर तीही… म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही मनात.”

“आनि तारन?” वैजयंताने विचारले.

“जावयाबद्दल नाही गं. माणूस सोन्यासारखा आहे. तुझ्या हातात तुझं असं काहीतरी राहावं, कुणाच्या धंद्यात न जाणारं. तुझ्या आईच्या हातात कधी काही नव्हतं. तेवढंच.”

“मग तसं लिवायचं,” ती म्हणाली. “न्हाईतर तसं बोलायचं.”

हणमंत अंगणाकडे तोंड करून उभा होता. तो तसाच बोलला.

“वरची ओळ मी ठिवनारच हुतो, तात्या. बाकीची काढून. आईची म्हनून. रोपं सांगाय गेलो तवाच तेवढी वजा करून सांगितली.” त्याने नाक पुसले. “तुमी इचारलंच न्हाई.”

तात्यांनी मान खाली घातली.

“तुमी आज बोललासा,” वैजयंता म्हणाली. “बोलाय हुतासा, म्हनून बोललासा. नसतासा, तर मी ह्या मठाच्या पायरीवरनंच गेले असते, तात्या. परत बघितलं नसतं हिकडं. मी म्हनले असते, भावानं मला चोर केली.”

“आनि मी म्हनलो असतो, बहिनीनं,” हणमंत म्हणाला.

कुणी कुणाच्या गळ्यात पडले नाही. एकदा निघालेला शब्द असा लगेच आत जात नाही. हणमंत म्हणाला, “मी गाडी फिरवतो,” आणि गेला. वैजयंताने मायला नमस्कार केला, शिदोरीचे फडके आवरले आणि गाडीकडे गेली. येताना ती पुढे भावाशेजारी बसली होती, सगळ्या वाटभर बडबड करीत. आता ती मागचे दार उघडून मागे बसली.

तात्यांनी ते पाहिले आणि त्यांना फार वाईट वाटले. एवढे वाईट त्यांना बायको गेली तेव्हाच वाटले होते.

“जाईल ते,” माय म्हणाली. “मिरच्यांचा ठसका, जरा येळ ऱ्हातो.”

त्यांनी कागद हातात घेतला. “फाडतो हा.”

“फाडतोस कशाला? कागुद लागतो. कुनाला काय ते लिवलेलं बरं आसतं. न्हाईतर तलाठ्याच्या दारात मरायचं पोरांनी.”

“मग?”

“सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई म्हंत्यात. तू सुंभ जळायच्या आधीच पीळ घालून ठिवलास. तेवढा काढ.”

“अटी काढू?”

“त्ये तू बघ.”

तात्या उठले. खांबाला धरून उठावे लागले. वयाची आठवण त्यांना एरवी होत नसे, आज झाली. मायच्या पायावर डोके ठेवले. ती चिंचेचा हात वर धरून बसली होती, डोक्याला लागू नये म्हणून.

ते पायरीपर्यंत गेले आणि तिथे थांबले. मनातून एक गोष्ट जाईना. अख्खा जन्म ज्याने प्रत्येक वेल तारेला बांधला, त्याला मोकळा वेल बघवत नाही.

अंगणापलीकडे गाडी चालू झाली होती. हणमंत पुढे, वैजयंता मागे. दोघेही काचेबाहेर बघत होती, वेगवेगळ्या बाजूंना.

“माय,” तात्या वळून म्हणाले, “सगळ्या अटी काढल्या समजा. साधं अर्ध्या पानाचं केलं, तुमच्यासारखं. पोरांना सांगून, विचारून केलं. तरी… माझ्यामागं ही दोघं भांडणार नाहीत कशावरून?”

गिरजामायने पाटीतली चिंच हाताने दाबून बसवली.

“भांडत्याल की,” ती म्हणाली. “पर सोताचं भांडान भांडत्याल. सोताचं भांडान मिटवता येतं, नारायना.”